हललेली रेघ

दिवसभर कॅम्पात वर्द्या शिवतो.
कॉलर सरळ, खिसा सरळ,
खांद्यावरच्या पट्टीला सुभेदारसाहेब
स्वतः फूटपट्टी लावून बघतात.
एक सूत हललं तर परत.
रात्री वडगावला घरी येतो, हातपाय धुतो
आणि मांजरं करतो.

"मांजरं कशाला की, मामा?"
शेजारची कस्तुरी विचारते.
सांगता येत नाही.
कुणी भजनाला बसतो, कुणी पत्ते कुटतो,
कुणी सेकंड गेटला सायकल टेकवून
मालगाडीचे डबे मोजतो, चुकला तर हळहळतो.
माझं हे.

कापड विकत आणावं लागत नाही.
मागाच्या खोल्यांमागं पोत्यानं पडलेलं असतं:
साडीचा तुटका काठ, रंग चुकलेला पदर,
खणाची बोटभर चिंधी,
तिच्यात अर्धाच रथ.
जांभळं पोट, पिवळा कान,
पाठीवर पोपटी चौकडा.
असलं मांजर आमच्या गल्लीत नाही,
म्हणून तर.

कापूस हजरतसाब नदाफांकडचा.
जुन्या गाद्या उसवून पिंजतात ते.
"कुणाकुणाची झोप भरालायस बघ हिच्यात," म्हणतात.
पैसे घेत नाहीत, नातीसाठी एक मांजर घेतात.
नात एकच.
तिच्याकडं आता नऊ झाली.

कान उलटवायला पेन्सिल,
शेपटीत कापूस ढकलायला छत्रीची काडी.
ढकलताना माझी जीभ बाहेर येते म्हणे.
आमच्या हिनं एकदा बघितलं
आणि पोळी करपेपर्यंत हसली.
डोळे सगळ्यात शेवटी,
टवका उडालेल्या वर्दीच्या गुंड्या.
तोवर तोंड भिंतीकडं करून ठेवतो.

माप मात्र पहिल्यापासून एकच,
सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं.

एक चितकबरी यायची.
गंगव्वा तिला "बेक्कु" म्हणायची, आम्ही "माऊ",
दोन्हीला ती ढुंकून बघत नसे.
बांगडा तव्यावर पडला की हजर.
एका रविवारी कागद पसरून
मी बाही आखत होतो,
ती आली आणि बरोबर मधोमध झोपली.
उठवणार कोण?
खडू घेतला
आणि तिच्याच कडेकडेनं रेघ ओढत गेलो,
कान, मान, पाठीची कमान.
मागच्या पायाशी आलो
आणि ती हलली.
रेघही हलली.

दिवाळीनंतर ती आली नाही.
जुन्या धारवाड रोडला दिसली, असं कुणी म्हणालं.
दोनदा जाऊन आलो.
बांगडा खिशात घेऊन जाता येत नाही.

खडेबाजारचे पोरवाल शेट म्हणाले,
"चेहरा झकास, पण डावीकडं कलतात सगळी.
सरळ करून बारा द्या. गिऱ्हाईक आहे."
नवा कागद घेतला. फूटपट्टी ठेवली.
एक केलं.
टेबलावर बसवलं तर
चारी पाय जागच्या जागी, मान ताठ,
रेशन कार्डाच्या फोटोला बसल्यासारखं.
सुभेदारसाहेबांनी लगेच पास केलं असतं.
मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटेना.

रात्रीच उसवलं.
शेटना सांगितलं, जमत नाही.
"वर्दी बरी जमते की," म्हणाले.
जमते.

आता तो जुना कागद घडीवर फाटत चाललाय,
कडा मऊ पडल्यात कानाच्या पाळीसारख्या.
त्याच्यावरून दुसरा उतरवून घेतोय,
बाहेर माग बंद झालेत, गल्ली गप्प,
नुसता खडूचा आवाज.
कान, मान, पाठीची कमान.
मागच्या पायाशी येतो
आणि हात आपोआप हळू होतो,
श्वाससुद्धा धरून ठेवतो.
न जाणो,
उठायची.